पंचवीस ओळखीची माणसं

४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली, म्हणून हा दिवस. ४ ते १० मार्च हा सुरक्षा सप्ताह आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक कारखान्यात साजरा होतो. गेटवर झेंडा लागतो, शपथ घेतात, पोस्टर स्पर्धा होते आणि जनरल शिफ्टच्या जेवणाआधी कँटीनमध्ये एक भाषण असतं. ते भाषण करणाऱ्यांपैकी मी एक. तुर्भ्याच्या एका रसायन कारखान्यात अठरा वर्षं सुरक्षा अधिकारी होतो. २०१६ साली नोकरी सोडली आणि तेव्हापासून कामगारांसमोर उभं राहून बोलणं हाच माझा व्यवसाय आहे. बंद टाकीत उतरणं, उंचीवरचं काम, वेल्डिंगचं परमिट, मशीन दुरुस्तीला घेताना वीज बंद करून कुलूप लावणं हे माझे विषय. मराठीत बोलतो, समोर उत्तरेकडची मुलं जास्त असली तर हिंदीत.

२०२४च्या मार्चमध्ये त्या एका आठवड्यासाठी मला अकरा फोन आले. पाच ठिकाणी गेलो, सहा जणांना नाही म्हणावं लागलं. त्यानंतर एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत मिळून चार भाषणं झाली.

पैशाची ओढाताण होतीच, पण मला बोचत होतं ते वेगळं. नोकरीत असताना शेजारच्या कारखान्यात ठेकेदाराचा एक माणूस गॅस न तपासता टाकीत उतरला. तो हाक देईना म्हणून दुसरा उतरला. दोघंही जिवंत वर आले नाहीत. तो जुलै महिना होता. टाक्या वर्षभर धुतल्या जातात, माणसं वर्षभर उतरतात, आणि मी मात्र मार्चच्या सात दिवसांत पाच कँटीनमधून धावत होतो. मला बारा महिन्यांचं काम हवं होतं.

काम मिळतं कसं, हे आमच्या धंद्यात सरळ आहे. एका ठिकाणी तुम्हाला कुणीतरी ऐकतं, ते दुसऱ्याला सांगतं. पण ही साखळी माणसांवर उभी असते आणि माणसं जागा सोडतात. आमच्याच पट्ट्यातल्या पावणे गावच्या एका कंपनीत मी सलग चार वर्षं गेलो. पाचव्या वर्षी फोन आला नाही. मी केला तेव्हा कळलं, मला बोलावणारे सुरक्षा अधिकारी आठ महिन्यांपूर्वीच दुसरीकडे गेले होते. नव्या माणसाला माझं नावही माहीत नव्हतं. ते कुठे गेले, तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास गिऱ्हाईक शोधून देणाऱ्या साधनांच्या जाहिराती फोनवर सारख्या दिसायला लागल्या. विक्रीच्या भाषेत याला ‘लीड’ म्हणतात: कुणाला तुमची गरज असू शकते, त्याचं नाव, हुद्दा, ईमेल, फोन. महिन्याचे पैसे भरा, पाहिजे तेवढ्या लीड घ्या. काही साधनं तर खास व्यावसायिक वक्त्यांसाठीच होती. सप्टेंबरात मी ठरवलं की यातली चार नीट तपासायची, मगच पैसे टाकायचे. तपासणीला शेवटी पाच महिने लागले.

माझी भाची ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत विक्री विभागात आहे. ही साधनं ती रोज वापरते. एका रविवारी आमच्या नौपाड्याच्या घरी आली असताना मी तिला एका साधनाचा डेमो दाखवला. कोट्यवधी संपर्क, अमुक इतक्या कंपन्या, सगळं पडद्यावर झळकत होतं. तिने ते जेमतेम दोन मिनिटं पाहिलं.

“मामा, यात किती माणसं आहेत हे विचारूच नकोस. तुझी माणसं यात आहेत का, ते बघ.”

“माझी म्हणजे?”

“ज्यांनी तुला आधीच बोलावलंय ती. त्यांचं नाव, हुद्दा, नंबर सगळं तुला ठाऊक आहे. साधन त्यांना शोधू शकलं, तर त्यांच्यासारखी आणखी शोधेल. त्यांनाच शोधू शकलं नाही, तर अनोळखी माणूस बरोबर दिलाय की चूक, हे तुला कळणार तरी कसं?”

पाच महिन्यांत मला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत कामाचा निघाला. पुढचं सगळं यावरच उभं राहिलं.

मी भाषणांचं एक रजिस्टर ठेवतो. लांब पानांचं, काळ्या पुठ्ठ्याचं. नोकरीत परमिटची नोंद ठेवायची सवय होती, ती सुटली नाही. त्यातून आम्ही मागच्या तीन वर्षांतली पंचवीस माणसं काढली आणि प्रत्येकापुढे दोन रकाने पाडले: फोन कुणी केला, आणि पैसे कुणी मंजूर केले. हे दोन रकाने पाडेपर्यंत मी समजत होतो की माझं गिऱ्हाईक म्हणजे सुरक्षा अधिकारी. यादीत सुरक्षा अधिकारी निघाले अकरा. सहा जण एचआर किंवा अ‍ॅडमिनचे, चार फॅक्टरी मॅनेजर, तीन छोट्या कारखान्यांचे मालक आणि एक कामगार संघटनेचे चिटणीस. आणि त्या अकरा सुरक्षा अधिकाऱ्यांपैकी स्वतःच्या सहीने मानधन मंजूर करू शकणारे फक्त तीन. बाकीच्यांचा कागद फॅक्टरी मॅनेजरकडे जायचा, तिथून खरेदी विभागात, मग पुरवठादार म्हणून नोंद करायचा व्हेंडर कोडचा फॉर्म, पॅन कार्डाची प्रत, रद्द केलेला चेक. हे सगळं मी वर्षानुवर्षं करत होतो, पण एका पानावर असं मांडून कधी पाहिलं नव्हतं.

पहिलं साधन घेतलं सेल्स नॅव्हिगेटर. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या सोशल नेटवर्कवरची माणसं शोधून देणारी ही त्यांचीच पैसे भरून घ्यायची सेवा. पहिला महिना चाचणीसाठी मोफत मिळाला. पंचवीसपैकी चौदा माणसं तिथे सापडली. उरलेल्या अकरांना दोष द्यायचा तर तो साधनाला देता येत नाही, कारण ती माणसं लिंक्डइनवर नाहीतच. तिन्ही मालक नव्हते, चिटणीस नव्हते, आणि पन्नाशी ओलांडलेले बहुतेक फॅक्टरी मॅनेजर नव्हते. त्यांचं जग व्हॉट्सअ‍ॅपवर.

चौदा सापडले तेही एका फटक्यात नव्हे. इंग्रजीत ‘सेफ्टी ऑफिसर’ असा हुद्दा टाकला की निम्मे गळायचे. एकाच कामाला एका कंपनीत ईएचएस म्हणतात, दुसरीत एचएसई, तिसरीत एसएचई. अक्षरं तीच, क्रम वेगळा: पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा. शिवाय ‘फायर अँड सेफ्टी’ आहेच. सगळ्यांच्या मध्ये ‘ऑर’, म्हणजे ‘किंवा’, घालून शोध लिहिला तेव्हा यादी नीट आली. ही युक्ती भाचीची.

ठिकाणाचा घोळ याहून मोठा. रबाळ्यात रोज पंच करणारा माणूस स्वतःच्या पानावर कधी नवी मुंबई लिहितो, कधी ठाणे, कधी नुसतं मुंबई. तो डोंबिवलीला राहत असेल तर ठिकाण कल्याणही असतं. कंपनीचं मुख्यालय अंधेरीला किंवा अहमदाबादला असलं, तर कंपनीच्या नावाने शोधताना तो तिकडचा दिसतो. आणि कर्मचारी संख्येची चाळणी तर माझ्या कामात दिशाभूलच करते. १९४८च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ४०-बीप्रमाणे ज्या कारखान्यात हजार किंवा जास्त कामगार असत, तिथे सुरक्षा अधिकारी नेमणं तेव्हा बंधनकारक होतं. धोकादायक प्रक्रिया असेल तर सरकार त्याहून लहान कारखान्यालाही ते लावू शकत होतं. म्हणून मी उत्साहाने हजाराच्या वरच्या कंपन्या निवडल्या. पण पडद्यावरचा आकडा सगळ्या कंपनीचा असतो, एका प्लांटचा नाही. देशभर चार हजार माणसं असलेल्या कंपनीचं महाप्यात साठ माणसांचं गोदाम निघतं, आणि दोनशे माणसांचा, पण खऱ्या अर्थाने धोक्याचा कारखाना चाळणीतून निसटतो.

तरी एक गोष्ट मला तिथे मिळाली. त्या पावण्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांचं नाव टाकलं आणि ते समोर आले. आता रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेच्या एका कंपनीत, एक पायरी वरच्या हुद्द्यावर. त्याकडे परत येतो.

दुसरं साधन ईमेल शोधून देणारं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं सगळं तक्रारीचं आहे. माणसाचं नाव आणि कंपनी द्या, ते ईमेल काढून देतं आणि पुढे हिरवी खूण करतं: तपासलेला पत्ता. हे पत्ते बरेचदा अंदाजाने बनतात. कंपनीतल्या दोनचार लोकांचे पत्ते कुठेतरी उघड असतात, त्यावरून नाव-टिंब-आडनाव असा साचा ओळखायचा आणि बाकीच्यांची नावं त्यात ओतायची. आपल्याकडे हा साचा फार लवकर मोडतो. वाघमारे इंग्रजीत डब्ल्यूने लिहितात आणि व्हीनेही. दीक्षितांच्या स्पेलिंगचे तर चार प्रकार. दक्षिणेकडच्या बऱ्याच सहकाऱ्यांना आडनावच नसतं, एक आद्याक्षर असतं.

पंचवीसपैकी नऊ जणांचे पत्ते साधनाने दिले. या नऊही जणांचे खरे पत्ते माझ्या रजिस्टरमध्ये होते. ताडून पाहिले. पाच बरोबर, चार चूक. चुकीच्या चारपैकी तिघांपुढे हिरवी खूण होती.

चौथा चुकीचा पत्ता वेगळ्याच प्रकारचा होता. साचा बरोबर, स्पेलिंग बरोबर, पण ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. तुर्भ्याला त्यांच्या निरोपसमारंभात मी बोललो होतो. पत्ता बंद झालाय हे त्यांच्याकडूनच कळलेलं. त्यांच्याही नावापुढे आधी हिरवीच खूण होती. मी पुन्हा तपासायला लावलं तेव्हा ती पिवळी झाली. भाचीने कारण सांगितलं. काही कंपन्यांचे सर्व्हर ‘कॅच-ऑल’ पद्धतीने लावलेले असतात. कंपनीच्या नावाने येणारं कुठलंही पत्र सर्व्हर आत घेतो, खातं असो वा नसो. साधन दार वाजवतं, आतून ‘हो’ ऐकू येतं, खूण पडते. खोलीत कुणी आहे का, हे त्याला दिसतच नाही.

तरीही विक्रेत्याचा आग्रह होता की रोज दोनशे पत्रं पाठवा, दोन टक्के उत्तरं आली तरी पुष्कळ. मला हा सल्ला धोक्याचा वाटला. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी पत्र पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. दिवसाला पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्यांना तर पत्र खरंच त्या पत्त्यावरून आलं आहे हे दाखवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी लागतात, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. मी त्या आकड्याच्या जवळपासही नाही. पण चुकीच्या पत्त्यांवरून पत्रं परत येत राहिली, की कुणाच्याही डोमेनची, म्हणजे ईमेल पत्त्यातल्या @ पुढच्या नावाची, पत घसरते. आणि माझ्या ज्या डोमेनवरून मी पत्रं पाठवणार, त्याच डोमेनवरून माझी बिलं कंपन्यांच्या अकाउंट्स विभागात जातात. उद्या बिलंच स्पॅममध्ये पडायला लागली तर? त्या रात्री मी ते साधन बंद करायचं ठरवलं.

बंद करणं मात्र सोपं गेलं नाही. चाचणी चौदा दिवसांची होती, रद्द करायचं बटण मदतीच्या पानात कुठेतरी खोल होतं. ते दाबल्यावर ‘आमचा प्रतिनिधी संपर्क करेल’ असं आलं आणि कुणीच संपर्क केला नाही. मला वाचवलं ते रिझर्व्ह बँकेच्या नियमाने. ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वजावटीची सूचना बँकेने ग्राहकाला किमान २४ तास आधी द्यायची असते. तसा संदेश आला. मी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती संमतीच काढून टाकली. कुठलीही चाचणी सुरू करताना आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये ही यादी कुठे दिसते ते आधी पाहून ठेवा. मी नंतर प्रत्येक वेळी तेच केलं.

डॉलरमध्ये दिसणाऱ्या किमतीबद्दलही सांगतो. जाहिरातीत जो आकडा असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. मी नोंदणीकृत नाही, कारण सेवा देणाऱ्यासाठी असलेल्या वीस लाखांच्या मर्यादेच्या मी खूप आत आहे. त्यामुळे तो कर मला परत मिळत नाही. वर माझ्या कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्के. हे सगळं धरलं की शंभर रुपयांची वस्तू एकशेबावीसला पडते.

तिसरं साधन खास वक्त्यांसाठीचं, अमेरिकेतलं. त्याच्याकडून मला सर्वांत जास्त अपेक्षा होत्या, आणि ते माझ्या कामाचं अजिबात नव्हतं. पण ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तिकडे व्यावसायिक वक्त्यांची राष्ट्रीय संघटना १९७३ सालापासून आहे. दंतवैद्यांपासून छप्पर बांधणाऱ्यांपर्यंत प्रत्येक व्यवसायाची संघटना असते, तिचं वार्षिक अधिवेशन असतं आणि अधिवेशनासाठी वक्ते हवेत अशी जाहीर मागणी सहा-आठ महिने आधी निघते. अशा मागण्या एका जागी गोळा करून देणं हे तिथल्या वक्त्याला खरोखर उपयोगी आहे. माझ्या पंचवीसपैकी तिथे एकही माणूस नव्हता, असणारही नव्हता. तुर्भ्याच्या कारखान्यात ‘वक्ते हवेत’ अशी जाहिरात निघत नाही. फोन येतो, “सर, येत्या गुरुवारी जमेल का?”

आपल्याकडे भाषणांची परंपरा काही लहान नाही, हे सांगायचा मोह होतो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. आमच्या नौपाड्यात दर जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला असते. थंडीत शाल पांघरून बसलेले लोक तासभर जागचे हलत नाहीत. बोलायचं कसं, हे मी अशाच मैदानांत खुर्चीवर बसून शिकलो. पण वक्ता ठरतो तो समितीच्या बैठकीत, कुणीतरी कुणालातरी ऐकलेलं असतं म्हणून. ही माहिती कुठल्याच साधनात सापडायची नाही. कारखान्याचंही तसंच आहे.

चौथं साधन म्हणजे साधन नव्हेच, एक एक्सेल फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर एकाने विकायला आणली होती: महाराष्ट्रातल्या कारखान्यांचे एचआर आणि सेफ्टीचे लोक, मोबाइल नंबरसकट, साडेतीन हजार रुपये. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत स्थानिक. मी नमुना मागितला. त्याने नवी मुंबईच्या पन्नास ओळी पाठवल्या.

तेहतिसाव्या ओळीत मी होतो.

माझं पूर्ण नाव, तुर्भ्याच्या कंपनीचं नाव, हुद्दा सीनियर सेफ्टी ऑफिसर, आणि माझा हाच नंबर, जो मी आजही वापरतो. नोकरी सोडून मला आठ वर्षं झाली होती. मी ती ओळ बराच वेळ पाहत बसलो. आठ वर्षं मला फायर एक्स्टिंग्विशर, सुरक्षा बूट, कर्ज आणि विम्याचे जे फोन येतात, ते कुठून येतात हे त्या क्षणी कळलं. एका फोनची तर तारीखही आठवते, कारण आई तेव्हा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होती आणि मी धावत बाहेर जाऊन तो उचलला होता.

ती फाइल मी घेतली नाही. २०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आहे आणि संमती हा त्याचा पाया आहे, हे मला माहीत होतं. पण कायदा आठवायची गरजच पडली नाही. त्या पन्नास ओळींमधली एकोणपन्नास माणसं माझ्यासारखीच कुणीतरी होती. नंतर उत्सुकता म्हणून, ओळखीची किती आहेत ते मोजलं. सात होती. सातांपैकी चार जण त्या कंपनीत आता नाहीत.

आता त्या पावण्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडे येतो. पाताळगंगेत ते आहेत हे कळल्यावर मी त्यांना लिंक्डइनवरून संदेश पाठवणार होतो. सेल्स नॅव्हिगेटरच्या योजनेत महिन्याला पन्नास संदेश मिळतात आणि नव्वद दिवसांत उत्तर आलं तर तो संदेश परत खात्यात जमा होतो. मजकूर लिहून झाला, मग वाटलं, माणूस ओळखीचा आहे, नंबर रजिस्टरमध्ये आहे. सरळ फोन लावला.

“सर, अभिनंदन. नवीन जागेचं आत्ता कळलं.”

“अहो, तुमचाच विषय काढला होता मी इथे. पण जुना फोन बिघडला, नंबर गेले सगळे. तुम्ही टाकी साफ करण्यावर बोलता ना? आमच्याकडे डिसेंबरात शटडाऊन आहे. ठेकेदाराची दीडशे माणसं येणार.”

शटडाऊन म्हणजे साफसफाई आणि दुरुस्तीसाठी कारखाना काही दिवस बंद ठेवणं. १० डिसेंबरला मी तिथे तीन तुकड्यांपुढे बोललो. कँटीनमध्ये नव्हे, टाकीच्या मॅनहोलपाशी, हातात गॅस डिटेक्टर घेऊन. आठ वर्षं मला हेच हवं होतं. सप्ताहाचं भाषण ऐकून माणूस जेवायला जातो. हे ऐकून तो त्याच टाकीत उतरणार होता.

तिथून माझी वापरायची पद्धतच बदलली. अनोळखी लोक शोधणं मी जवळजवळ थांबवलं. रजिस्टरमधली, आणि नोकरीतल्या अठरा वर्षांतली ओळखीची माणसं सेल्स नॅव्हिगेटरमध्ये जतन केली. गेल्या नव्वद दिवसांत कुणी नोकरी बदलली, याची वेगळी चाळणी त्यात आहे. दर सोमवारी सकाळी चहा घेताना ती पाहायची. माणूस नव्या जागी गेला की पहिल्या दोनतीन महिन्यांत त्याला काहीतरी करून दाखवायचं असतं आणि नव्या ठिकाणी त्याचं स्वतःचं कुणी नसतं. तेव्हा गेलेला फोन त्यालाही हवाच असतो.

अनोळखी लोकांनाही मी संदेश पाठवून पाहिले, नाही असं नाही. नोव्हेंबर ते जानेवारी मिळून बेचाळीस. पहिले वीस इंग्रजीत, एका साधनानेच दिलेल्या नमुन्यावर: मी अमुक वर्षांचा अनुभवी वक्ता, आपल्या टीमला प्रेरणा देऊ इच्छितो. उत्तर आलं एक, तेही नकाराचं. पुढचे बावीस मराठीत, स्वतःच्या शब्दांत. त्यातला एक जसाच्या तसा देतो:

“नमस्कार. मी तुर्भ्यात अठरा वर्षं सेफ्टीत होतो. तुमच्याकडे ठेकेदाराची माणसं टाकीत उतरत असतील तर त्यांच्यासाठी चाळीस मिनिटांचं एक सत्र घेतो, मराठी किंवा हिंदीत, प्रत्यक्ष टाकीजवळ. शटडाऊन कधी आहे ते कळवलंत तर त्याआधीची तारीख राखून ठेवतो.”

बावीसपैकी आठ उत्तरं. एकाने फक्त ‘धन्यवाद सर’ लिहिलं, तिघांनी शटडाऊनचा महिना कळवला, दोघांनी बोलावलं, बाकीच्या दोघांचा पुढे काही निरोप नाही. मला वाटतं भाषेपेक्षाही शटडाऊन या शब्दाने काम केलं. सुरक्षा अधिकाऱ्याच्या मनात वर्षभर तीच तारीख असते, आणि ती मार्चमध्येच असते असं नाही.

हिशेब असा. चाचण्या, एका साधनाचा वाया गेलेला एक महिना आणि चालू ठेवलेल्या साधनाचे पैसे मिळून पाच महिन्यांत माझे सुमारे अठ्ठावीस हजार गेले. पाताळगंगेचं एक आणि संदेशांतून आलेली दोन अशी तीन कामं मिळाली, प्रत्येकी पंधरा हजारांची. म्हणजे पंचेचाळीस हजार, त्यातून पाताळगंगेच्या गाडीचं भाडं वजा. नफा आहे, मोठा नाही. आणि खरं बोलायचं तर पाताळगंगेचं काम फक्त साधनामुळे मिळालं असं मी म्हणू शकत नाही. त्या माणसाच्या मनात मी होतोच, साधनाने फक्त पत्ता सांगितला. पण तो पत्ता मला दुसऱ्या कुणीच सांगितला नव्हता.

याच काळात जानेवारीत रबाळ्याला सुरक्षा अधिकाऱ्यांच्या एका छोट्या बैठकीत मी वीस मिनिटं बोललो, मानधन न घेता. समोर तीसेक माणसं. तिथून दोन कामं आली. दिघ्याला आणि खैरण्याला. ठाण्याहून रबाळ्याचं रेल्वेचं तिकीट हाच काय तो खर्च. फुकट बोलू नये असं मला अनेक वक्ते सांगतात. पंचवीस कामगारांपुढे फुकट बोलू नये हे मलाही पटतं, कारण तिथे कंपनी पैसे देऊ शकते. पण ज्या खोलीत तीस बोलावणारे बसलेत, तिथे वीस मिनिटं बोलणं ही जाहिरात आहे, आणि ती मी वर्षातून चारदा तरी करणार.

फेब्रुवारीच्या शेवटी मी सेल्स नॅव्हिगेटरची वर्गणी थांबवली. वार्षिक घेतली तर स्वस्त पडते, पण मला ती बारा महिने लागत नाही. मे-जूनमध्ये पगारवाढीनंतर लोक जागा बदलतात, तेव्हा दोन महिने. पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शटडाऊनच्या आधी. एवढं पुरेल असा माझा अंदाज आहे. बंद करण्याआधी भाचीने आणि मी बसून पडद्यावरची माहिती रजिस्टरमध्ये हाताने उतरवली. तिला ते फार जुनाट वाटलं, पण लिहिताना तिचंच अक्षर जास्त चांगलं होतं, म्हणून पेन तिच्याकडे गेलं.

तिने पंचवीस नावांपुढे तिसरा रकाना पाडला: आता कुठे आहेत. अठरा भरले. सात रिकामे राहिले. त्यांत ते कामगार संघटनेचे चिटणीस आहेत, ज्यांनी २०२२ साली स्वतःच्या संघटनेच्या निधीतून मानधन देऊन मला बोलावलं होतं, कारण व्यवस्थापन तयार नव्हतं. त्यांचा नंबर लागत नाही. कारखाना तळोज्याला हलला आहे, एवढं कळलंय. शनिवारी दुपारी दुसरी शिफ्ट सुरू होते तेव्हा गेटवर जाऊन विचारणार आहे.